आरएक्स १०० : रीबोअर करूनही पिस्टन पुन्हा धरतो? जुना कोणता भाग ठेवायचा, कोणता टाकायचा

रीबोअर केला, म्हणजे ब्लॉक (सिलिंडर) आतून कातून मोठा केला, नवा पिस्टन टाकला, पहिले काही शे किलोमीटर अगदी जपून चालवली, आणि पहिल्याच मोठ्या चढावर गाडीने पुन्हा पिस्टन धरला, म्हणजे तो ब्लॉकमध्ये आवळून सीज झाला. आरएक्स १०० वाल्यांची ही तक्रार नवी नाही. कुणाचं हे दुसऱ्यांदा झालेलं असतं, कुणाचं तिसऱ्यांदा, आणि दर खेपेस ब्लॉक पाव मिलिमीटरने मोठा होत गेलेला असतो. मग ठरलेला प्रश्न येतो : आता सगळंच नवीन टाकू, की जुनं थोडं चालवून घेऊ?

या प्रश्नाला भाग हातात न घेताच उत्तर देणारा मेस्त (मेकॅनिक) भेटला, तर गाडी तशीच ढकलत घरी न्या. 'सगळं बदला' म्हणणारा आणि 'काय होत नाही, चालतंय' म्हणणारा, दोघेही एकाच माळेचे मणी. ही गाडी आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे सगळ्यात तरुण इंजिनसुद्धा आता तिशीला टेकलेलं आहे. न उघडलेलं इंजिन जवळपास शिल्लकच नाही. आत काही भाग कंपनीचे, काही कुणीतरी कधीतरी टाकलेले, काही भलत्याच गाडीचे घासून बसवलेले. अशा इंजिनात 'जुना' म्हणजे वाईट आणि 'नवा' म्हणजे चांगला हा हिशेब चालत नाही. मापात असलेला कंपनीचा जुना भाग मी बाजारातल्या चकचकीत नव्यापेक्षा केव्हाही आधी लावतो. पण काही भाग असे आहेत की ते डोळ्यांना कितीही चांगले दिसले, तरी इंजिन उघडलं की कचऱ्यातच जायला हवेत. आणि पिस्टन पुन्हा पुन्हा धरण्याचं कारण बहुतेक वेळा नेमकं याच स्वस्तातल्या भागांत असतं. महागडा पिस्टन बदलला जातो आणि चिल्लर रबर तसंच राहतं.

आधी पुसू नका

इंजिन उघडल्यावर पहिली सवय म्हणजे सगळं पेट्रोलमध्ये बुडवून ब्रश मारायचा. थांबा. पिस्टन, प्लग, हेडची आतली बाजू आणि क्रँककेसच्या तळाशी साचलेलं तेल आधी उजेडात बघून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. झीज का झाली हे त्या डागांवरून कळतं, आणि ते कळल्याशिवाय कोणताही भाग ठेवायचा की टाकायचा हे ठरवता येत नाही.

पिस्टनवर ओरखडे नेमके कुठे आहेत ते पाहा. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना, मिळून चार ठिकाणी उभे पट्टे उठले असतील, तर पिस्टन ब्लॉकपेक्षा लवकर फुगला आहे. म्हणजे बोअर घट्ट ठेवला होता, किंवा थंड इंजिनला सकाळी किक मारून लगेच पिळलं होतं. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर उष्णता जास्त झाली किंवा तेल कमी पडलं, आणि याच्या मुळाशी बहुतेक वेळा मिक्स्चर कच्चं असतं : पेट्रोल कमी, हवा जास्त. कार्ब्युरेटरच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) मंद राखाडी झाला असेल आणि त्यावर केसासारख्या बारीक उभ्या रेघा असतील, तर आत धूळ गेली आहे. पिस्टनच्या डोक्याची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल, बारीक खड्डे असतील किंवा दोन रिंगांमधला भाग तुटला असेल, तर तो ठोका आहे, म्हणजे आतलं मिक्स्चर नीट जळण्याऐवजी एकदम भडकतंय : टायमिंग पुढे गेलंय, मिक्स्चर कच्चं आहे किंवा हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय. डोक्याला भोकच पडलं असेल तर प्लगची हीट रेंजही तपासा.

आता यातल्या बहुतेक कारणांवर नवा पिस्टन हा उपाय नाही. चार कोपऱ्यांवर धरलेला पिस्टन सोडला, तर बाकी सगळ्यांत नवा पिस्टन त्याच आजारात जाऊन बसतो.

आपल्याकडच्या गाड्यांत दोन गोष्टी वारंवार दिसतात. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांत चाललेल्या गाड्यांचा स्कर्ट धुळीने खाल्लेला असतो. ती तांबडी धूळ म्हणजे लोहखनिजाची पूड, साधी माती नव्हे. ती तेलात मिसळली की घासायच्या पेस्टसारखी वागते. एअर फिल्टरचा फोम झिजून गेला म्हणून काढून टाकलेला, किंवा आवाज चांगला येतो म्हणून बॉक्सच उघडा ठेवलेला, अशा गाडीत कितीही भारी पिस्टन टाका. दुसरी गोष्ट पावसाची. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हौसेची गाडी जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली उभी असते. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये चार-स्ट्रोकसारखं ऑइल भरलेलं नसतं. आत जी ओल जमते ती थेट बिगेंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) रोलरवर आणि मेन बेअरिंगवर बसते. चवथीला गाडी बाहेर निघते, दोन किकमध्ये चालूही होते, आणि दसऱ्यापर्यंत खालून गुरगुर सुरू होते.

जे पुन्हा लावायचंच नाही

क्रँकची दोन्ही ऑइल सीलं, सगळी कागदी पॅकिंगं, गजन पिनच्या दोन्ही सर्क्लिप, छोट्या एंडचं (रॉडच्या वरच्या टोकाचं) नीडल बेअरिंग, आणि कार्ब्युरेटर ते ब्लॉक यांच्यामधलं रबर जर वाकवल्यावर चिरा दाखवत असेल तर ते. यावर मी चर्चा करत नाही.

ऑइल सीलबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वारंवार सीज होणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडेच झालेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप आहे. पिस्टन वर गेला की आत निर्वात तयार होतो, खाली आला की दाब. मॅग्नेट बाजूचं सील सुकून कडक झालं असेल, तर तिथून दर फेऱ्याला थोडी हवा आत येते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोलही नसतं आणि तेलही नसतं. परिणाम असा की गाडी थंड असताना बरी चालते, तापली की आयडलिंग आपोआप वर चढतं, अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली यायला वेळ लागतो, आणि लांब चढावर पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने धरतो. लोक मग जेट वाढवतात, टू-टी ऑइल जास्त घालतात. पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की जेटमधून जाणाऱ्या त्याच धारेत पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिक्स्चर उलट आणखी कच्चं होतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

क्लच बाजूचं सील गेलं तर चित्र वेगळं. तिथून हवेऐवजी गिअर ऑइल ओढलं जातं. पांढरट-निळा धूर थांबत नाही, प्लग काळा ओला होतो, आणि गिअर ऑइलची पातळी बाहेर थेंबही न गळता खाली जाते. या गाडीवर रिंगा गेल्या असं निदान करून रीबोअर झालेले मी बरेच पाहिलेत. रीबोअर होतो, धूर तसाच. टू-स्ट्रोकचा जास्तीचा धूर पाहिल्यावर रिंग हा माझ्या यादीत शेवटचा संशयित असतो.

सील काढल्यावर त्याचं ओठ बोटांनी दाबून पाहा. नव्या सीलचं ओठ दबून परत येतं, जुन्याचं नखासारखं लागतं. त्याचबरोबर क्रँकच्या ज्या भागावर ते ओठ फिरतं, तिथे नख फिरवा. खाच लागत असेल तर नवं सीलही तिथे बसणार नाही. थोडीशी खाच असेल तर सील अर्धा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठाला नवी जागा देता येते, पण बेअरिंगच्या तेलाची वाट अडणार नाही याची काळजी घेऊन.

क्रँक : इथे मोजल्याशिवाय बोलू नका

क्रँकचं काम पिस्टनपेक्षा महाग आणि त्रासाचं. तो प्रेस केलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेसवर पिन काढून पुन्हा दाबायची आणि मग दोन्ही चाकं एका रेषेत आणायची. हे काम सगळ्यांना जमत नाही. म्हणूनच 'क्रँक बराय' हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या सहज ऐकू येतं.

बराय की नाही हे असं बघा. क्रँक पेट्रोलने स्वच्छ धुवा आणि पूर्ण सुकू द्या. तेल असलेलं बेअरिंग झीज लपवतं, कोरडं लपवत नाही. रॉड सरळ वरच्या टोकाला आणा, दोन्ही हातांनी धरा आणि अगदी सरळ वर-खाली हलवा, डावी-उजवीकडे नाही. 'टक्' असा जरा जरी आवाज किंवा ढिलाई हाताला लागली, की तो बिगेंड संपला. यात 'थोडीशी चालते' असं काही नाही. बाजूची हालचाल मात्र असतेच आणि असायलाच हवी. तिला घाबरून चांगला रॉड फेकू नका. वरचं टोक डावी-उजवीकडे किती झुलतं ते डायल गेजने मोजा. यामाहाच्या त्या काळच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांना नव्यात ०.८ ते १ मिलिमीटर आणि शेवटची मर्यादा २ मिलिमीटर असा हिशेब धरतात. दीडच्या पुढे गेला असेल आणि इंजिन तसंही उघडलेलंच असेल, तर मी तो परत बसवत नाही, कारण पुढच्या पावसाआधी पुन्हा उघडावं लागणार.

मग रॉड एका हाताने सावकाश गोल फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं रॉडच्या मुळाशी ठेवा. गंज लागलेल्या रोलरची खरखर बोटांना कळते, कानाला कळत नाही. खरखर एका ठरावीक जागीच लागत असेल, तर गाडी पावसाळाभर जशी उभी होती त्याच जागी खड्डे पडलेले आहेत. हा क्रँक मापात बसला तरी टाकायचा. कारण खड्ड्याच्या कडेने पत्र्यासारखे पापुद्रे सुटतात आणि तेच पुढे वर जाऊन नव्या पिस्टनवर रेघा ओढतात. वाळपईकडच्या एका गाडीचा पिस्टन मी पाहिला, कार्ब्युरेटर बाजूला नवीन कोऱ्या फोमचा फिल्टर आणि तरीही स्कर्टवर रेघाच रेघा. मालक म्हणाला, "बाब, धूळ जाणार कुठून?" धूळ वरून गेलीच नव्हती. क्रँककेसच्या तळातलं तेल पांढऱ्या रुमालावर पसरलं आणि टॉर्च धरली, तर सगळं चमकत होतं, आणि रुमालाखाली लोहचुंबक फिरवला तशी ती चमक त्याच्या मागे मागे सरकली. बिगेंडचं पोलाद होतं ते. अॅल्युमिनियम असतं तर जागचं हललं नसतं. ही रुमालाची परीक्षा प्रत्येक वेळी करा. तिला पैसा लागत नाही.

दोन्ही चाकं सरळ आहेत की नाही यासाठी क्रँक लेथच्या सेंटरवर लावून दोन्ही टोकांना डायल गेज धरतात. ०.०३ मिलिमीटरच्या पुढे डोलत असेल तर तो सरळ करून घ्यायचा. याला घरी उपाय नाही, आणि तांब्याच्या हातोडीने अंदाजे ठोकणाऱ्याला तर मुळीच देऊ नका.

मेन बेअरिंगं जुनीच ठेवायची का? इंजिन पूर्ण उघडलं असेल तर नाही, बदला. पण नवी घेताना जुन्यावर कोरलेला नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. नंबरच्या पुढे सी-३ अशी खूण असेल तर तीच हवी. त्यात आत थोडी जास्त मोकळीक असते, ती इंजिन तापल्यावर लागते. दुकानदार त्याच आकाराचं साधं बेअरिंग देतो, ते बसतंही छान, आणि तापल्यावर घट्ट होतं. बसवताना केस साधारण १०० अंशांपर्यंत गरम करा, बेअरिंग आपणहून खाली सरकतं. पाण्याचा थेंब टाकून तो चुरचुरला की झालं. हातोडीने ठोकलेलं बेअरिंग नवं राहत नाही.

ब्लॉक आणि पिस्टन

कंपनीच्या आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने एक मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ५१ पर्यंत. त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये नवी बिडाची नळी. प्रत्येक रीबोअर ही त्या ब्लॉकच्या आयुष्यातली एक पायरी असते, आणि कारण न शोधता केलेला रीबोअर म्हणजे ती पायरी फुकट घालवणं.

ब्लॉक वाचतो का ते बघायला बोअर गेज हवा. व्हर्निअरने बोअर मोजणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, पोर्टच्या खिडक्या टाळून मोजा. वर-खालीतला फरक साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत आणि गोलाईतला फरक ०.०१ च्या आसपास असेल, तर तो बोअर अजून जिवंत आहे. पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर वर, पिनला काटकोनात, मायक्रोमीटरने मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे क्लिअरन्स. लेथवाल्यांचा जुना ठोकताळा इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा आहे. दोन इंचाच्या बोअरला दोन थाऊ, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. यामाहाचं मॅन्युअल त्याहून थोडं घट्ट ठेवायला सांगतं. चांगला पिस्टन असेल तर मॅन्युअलप्रमाणे, आणि कुठल्या मिश्रधातूचा आहे हे माहीत नसलेला बाजारचा पिस्टन असेल तर मी ठोकताळ्याकडे झुकतो. थोडा सैल पिस्टन थंडीत खडखडतो एवढंच. घट्ट असला तर चोर्ला घाटात धरतो.

पिस्टन धरलाय पण गाडी लगेच बंद केली, अशा वेळी ब्लॉक बहुतेकदा वाचतो. बोअरच्या भिंतीवर जे खडबडीत दिसतं ते ओरखडे नसून पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटलेलं असतं. कापसाच्या बोळ्यावर कॉस्टिक सोड्याचं पाणी घेऊन फक्त त्या जागी लावा. अॅल्युमिनियम फसफसून सुटतं, बिडाला काही होत नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि बाहेरच्या फिन्सना, पॅकिंगच्या कडेला एक थेंबही लागू न देता, कारण त्याही अॅल्युमिनियमच्याच. मग भरपूर पाण्याने धुऊन, सुकवून, लगेच तेलाचा हात फिरवून नख फिरवा. नखाला काही लागलं नाही तर हलकं होनिंग (दगडाने भिंत बारीक घासणं) पुरेसं आहे, आणि मापात असेल तर रीबोअर टाळता येतो. हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे कितीतरी ब्लॉक एक साइज वर गेलेत.

पिस्टन पुन्हा लावायचा का? स्कर्टवर अगदी हलका ओरखडा, मापात, रिंगेची खाच कडेने गोल झालेली नाही, पिनच्या भोकात पिन तेल लावून बोटाने सरकते पण डुगडुगत नाही, असा कंपनीचा पिस्टन मी खुशाल लावतो. बारीक पॉलिश पेपरने उठलेला कंगोरा फक्त बसवायचा. रिंग मात्र होनिंग केलं की नवीच. नवी रिंग आधी एकटी बोअरमध्ये टाका, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलरने मोजा. या आकाराला ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवी. शून्य आली तर रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडणार आणि तुटणार, आणि दोष तेलाला दिला जाणार.

नवा पिस्टन घेताना जुना बरोबर ठेवा

जुना टाकून देण्याआधी नव्याशी ताडून बघा. टू-स्ट्रोकच्या रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंग फिरू नये म्हणून. ती पिन अशा जागी असते की रिंगची टोकं पोर्टच्या खिडकीसमोर येत नाहीत. बाजारातल्या काही पिस्टनमध्ये ती जराशी सरकलेली असते. दिसायला काहीच फरक नाही, बसतोही, पण टोक खिडकीत अडकलं की रिंग मोडते आणि ब्लॉकला खोल चर पाडून जाते. म्हणून रिंग लावलेला नवा पिस्टन रिकाम्या ब्लॉकमध्ये हाताने वर-खाली करा आणि पोर्टमधून डोकावून टोकं कुठून जातात ते बघा. वजनही करून बघा; किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. नवा पिस्टन बराच जड असेल तर क्रँकचा तोल बिघडून हँडल मुंग्या आणतं.

लेथवर जाताना क्रम एकच : पिस्टन आधी, बोअर नंतर. बेळगावला पाठवा, कोल्हापूरला न्या, की म्हापशातच करा, पिस्टन हातात देऊनच सांगा की 'याच्या मापाने' कर. डब्यावर ५०.५० लिहिलेलं आहे म्हणून ५०.५० चा बोअर करून ठेवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि ब्लॉक परत घेताना पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. बोअर केल्यावर त्या कडा धारदार होतात, त्यांना उतार द्यावा लागतो. चार-स्ट्रोकच्या कामाची सवय असलेला माणूस हे विसरतो. बोट कापलं तर रिंगही कापली जाणार.

बाकीचे भाग, भरभर

रीड व्हॉल्वच्या पात्या उजेडासमोर धरा. बंद असताना कडेने उजेड दिसत असेल, टोकाचा कपचा उडाला असेल किंवा मुळाशी बारीक चीर असेल तर नवीन. नसेल तर कंपनीच्याच ठेवा. कार्ब्युरेटरची स्लाइड झिजून खडखडत असेल आणि सुईच्या जेटचं भोक लांबट झालं असेल, तर गाडी मधल्या अॅक्सिलरेटरला जास्त पेट्रोल पिते. त्याने पिस्टन धरत नाही, खिसा रिकामा होतो. क्लच प्लेट जळका वास देत नसतील आणि मापात असतील तर राहू द्या. गिअरचे दात नव्हे, बाजूचे डॉग (दोन गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट) बघा. त्यांचे कोपरे गोल झाले असतील तर गिअर सुटणार. सायलेन्सरमधला काजळीचा थर साफ करून तोच लावा. ऑइल पंप चालू असेल तर काढून फेकू नका, पण इंजिन उघडलं की नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पहिले काही लिटर पेट्रोल टू-टी ऑइल मिसळलेलंच घाला, लिटरला ३० ते ४० मिली, म्हणजे पंपाने उशीर केला तरी पिस्टन कोरडा पडत नाही.

जोडल्यावर, किक मारण्याआधी

आता ती गोष्ट, जी केली असती तर यातले निम्मे इंजिन दुसऱ्यांदा उघडावे लागले नसते. इंजिन दाबाने तपासा. यासाठी खास यंत्र लागत नाही. घरातलं बीपी मोजायचं जुनं यंत्र चालतं, काटा आणि हातात दाबायचा फुगा असलेलं. पट्टा काढून ठेवा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सपाट पट्टीखाली घालून सायलेन्सरचं तोंड बोल्टने आवळून बंद करा. कार्ब्युरेटरच्या रबरात घट्ट बसेल असा रबरी किंवा लाकडी बूच बसवा, त्यातून यंत्राची नळी आत सोडा. प्लग लावलेला, पिस्टन खालच्या टोकाला, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वरचं-खालचं एकदमच तपासलं जातं.

काटा २५० पर्यंत न्या. हा दाब साधारण पाच पीएसआय होतो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला एवढाच पुरे, जास्त दिला तर चांगलं सीलही उलटेल. आता पाच-सहा मिनिटं काट्याकडे बघत बसा. तो तिथेच राहिला किंवा अगदी किंचित उतरला तर इंजिन बंदिस्त आहे. झरझर उतरला तर साबणाचा फेस घेऊन बसा. आधी तुमच्या बुचांनाच लावा, गळती बहुतेकदा तिथेच असते. मग हेडचं पॅकिंग, ब्लॉकचा पाया, रीडची बैठक, केसचा मधला सांधा, आणि मॅग्नेट काढून आतलं सील. फुगे दिसले की कारण सापडलं. कुठेच फुगे नाहीत आणि काटा तरी उतरतोय, तर क्लच बाजूचं सील. गिअर ऑइल भरायचं भोक उघडून तिथे फेस धरा.

ही परीक्षा इंजिन उघडण्याआधी केली तर त्याहून उत्तम. पिस्टन धरलेली गाडी आली की हेडला पाना लावण्याआधी दाब देऊन बघा. ब्लॉक फारच फाटला नसेल तर गळती कुठे आहे हे तेव्हाच कळतं. एकदा सगळं सुटं केलं की जुन्या सीलवर खटला चालवायला पुरावा उरत नाही.

पेट्रोल बदललंय, जेट तेच आहे

सगळं मापात, दाब धरतोय, आणि तरीही प्लग पांढराफटक निघत असेल तर पंपावरच्या पेट्रोलकडे बघा. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नुसत्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. जेट आणि हवा जुन्याच हिशेबाने ठेवली, तर इंजिनला तीच गोष्ट आठ टक्क्यांच्या आसपास कच्ची लागते. जी गाडी नव्वदच्या दशकात अचूक लावलेली होती, ती आज आपणहून कच्ची चालते. मेन जेट एक पायरी वर आणि सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, एवढ्याने बहुतेक गाड्या शांत होतात. इथेनॉल ओल शोषतं म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा, आणि प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडून इंजिन दोन-चार वेळा हाताने फिरवून ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा फिरवा, म्हणजे रोलर एकाच जागी ओले बसत नाहीत.

जेट बरोबर आहे की नाही हे गॅरेजच्या दारात उभं राहून कळत नाही. रनिंग-इन झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, थोड्या चढावर, पूर्ण अॅक्सिलरेटरला थोडं अंतर न्या, मग एकाच वेळी क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. आयडलिंगवर येऊ दिलं की रंग बदलतो, म्हणून हे रस्त्यावरच करायचं. तपकिरी असेल तर निघा. पांढरा असेल तर जेट आणखी एक पायरी वर, आणि ते बदलल्याशिवाय अनमोड घाटाच्या वाटेला लागू नका. काळा असेल तर जेट उतरवण्याआधी क्लच बाजूचं सील आणि गिअर ऑइलची पातळी पुन्हा एकदा बघा. घरी पोचल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मग हेडचे नट तिरप्या क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.